विश्लेषण : रंगवलेल्या मॉडेलवर सुपरग्लूमुळे पांढरा थर का चढतो? तो टाळायचा कसा?

रंग वाळलेला असतो. रेजिमेंटची चिन्हे, गाडीचा क्रमांक, पट्ट्यांवरचा सुकलेला चिखल, सगळे मनासारखे जमलेले असते. उरतात फक्त दोन हेडलाइट, एक अँटेना आणि मागच्या बाजूचे डबे. सुपरग्लूचे चार थेंब टाकून ते बसवले जातात आणि तयार झालेला छोटा रणगाडा लगेच काचेच्या शोकेसमध्ये जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक सांध्याभोवती कुणी भस्म फासल्यासारखा पांढरट थर दिसतो. हेडलाइटच्या काचा आंधळ्या झालेल्या असतात. मग आधी रंगाला दोष दिला जातो, नंतर दुकानदाराला आणि शेवटी हवेला. प्रत्यक्षात रंग बहुतेक वेळा चांगलाच असतो आणि सुपरग्लूही बनावट नसतो. चूक असते ती क्रमाची आणि प्रमाणाची. रंगवून झालेल्या मॉडेलवर सुपरग्लू हा शेवटचा पर्याय असायला हवा. आपल्याकडे तो पहिला आणि अनेकदा एकमेव पर्याय असतो.

नगरमध्ये या प्रश्नाला वेगळे वजन का?

अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचे अहमदनगर, हे रणगाड्यांचे गाव आहे. भारतीय लष्कराच्या चिलखती दलाचे केंद्र आणि प्रशिक्षण संस्था १९४८ पासून येथे आहे. मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर आणि लष्करी वाहनांवर संशोधन करणारी ‘डीआरडीओ’ची प्रयोगशाळाही नगरलाच. १९९४ मध्ये सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन, विजयंता असे रणगाडे हाताच्या अंतरावरून पाहता येतात. शिर्डी किंवा शनिशिंगणापूरला निघालेली कुटुंबे वाट वाकडी करून तेथे थांबतात आणि परतताना गाडीत मागच्या सीटवर ‘आपण घरी असा रणगाडा करायचा का?’ हा प्रश्न निघतोच.

दुसरे कारण अधिक घरगुती आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी ज्या सेंच्युरियन रणगाड्यातून शेवटपर्यंत झुंज दिली, तो ‘फॅमागुस्ता’ पुढे दुरुस्त करून नगरच्या केंद्रात जतन करण्यात आला. खेत्रपाल तेव्हा २१ वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. जिल्ह्यातील कितीतरी घरांत कुणी ना कुणी फौजेत आहे किंवा होता. अशा घरात शोकेसमधला रणगाडा ही नुसती हौस नसते. आजोबांच्या स्क्वॉड्रनची खूण त्यावर हवी असते, गाडीचा क्रमांक बरोबर हवा असतो, कारण तो पाहणाऱ्याला पाठ असतो. पांढरा थर नेमका त्या क्रमांकावर चढला, तर आठवडाभराचे काम पुन्हा करून भागत नाही. क्रमांकाची ती चिकटवायची पट्टी संचात एकच आलेली असते.

त्यात भारतीय रणगाड्यांचा रंग गडद हिरवा आणि चमक नसलेला. पांढऱ्या डागासाठी याहून वाईट पार्श्वभूमी शोधून सापडणार नाही. वाळवंटी पिवळ्या रंगावर जो थर कदाचित धूळ म्हणून खपून गेला असता, तो हिरव्यावर खोलीच्या दारातून दिसतो.

हा पांढरा थर नेमका कशाचा?

सुपरग्लू म्हणजे सायनोॲक्रिलेट. आपल्याकडे फेविक्विक या नावानेच ते ओळखले जाते. नळीत ते पातळ द्रव असते, कारण त्याचे रेणू सुटे असतात. हवेतील किंवा पृष्ठभागावरील पाण्याचा अंश लागला की हे रेणू एकमेकांचे हात धरू लागतात आणि काही सेकंदांत कडक प्लास्टिकची साखळी तयार होते. म्हणजे सुपरग्लू ‘वाळत’ नाही, तो ओलाव्यामुळे घट्ट होतो. फेविकॉलच्या अगदी उलट. फेविकॉलमधले पाणी उडून जावे लागते, सुपरग्लूला ते थोडे मिळावे लागते.

साखळीत न अडकलेले काही सुटे रेणू वाफ होऊन बाहेर पडतात. सुपरग्लू वापरताना नाकाला झोंबणारा वास येतो तो यांचाच. ही वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे ती छताकडे न जाता सांध्याभोवती रेंगाळते आणि खाली उतरते. वाटेत हवेतला ओलावा भेटला की तिचे बारीक पांढरे कण होतात आणि जवळच्या पृष्ठभागावर बसतात. थर सांध्यावर कमी आणि त्याच्या आजूबाजूला, त्यातही खालच्या बाजूला जास्त का दिसतो, याचे उत्तर या जडपणात आहे.

कण मुळात पांढरे नसतात. तेच द्रव्य सलग घट्ट झाले तर काचेसारखे पारदर्शक दिसते. पण कणांचा थर खडबडीत असल्याने प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि डोळ्याला पांढरे दिसते. बर्फाचा गोळा पांढरा आणि बर्फाची लादी काचेसारखी, तसेच हे. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे दुरुस्तीचा मार्ग यातूनच निघतो.

गंमत अशी की या द्रव्याचा जन्मच स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिकच्या शोधातून झाला. १९४२ मध्ये अमेरिकेत ईस्टमन कोडॅकमधील हॅरी कूव्हर बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. सायनोॲक्रिलेट हाताशी आले, पण ते दिसेल त्याला चिकटू लागल्याने बाजूला ठेवले गेले. १९५१ मध्ये कूव्हर यांच्याच हाताखालच्या चमूत त्याची तपासणी करताना महागड्या उपकरणाची दोन लोलके एकमेकांना चिकटून बसली, तेव्हा त्याचा खरा उपयोग लक्षात आला. १९५८ पासून ते बाजारात आहे. दुर्बिणीच्या काचेसाठी शोधलेले द्रव्य आज छोट्या रणगाड्याच्या पेरिस्कोपच्या काचा आंधळ्या करते.

बोटांचे ठसे कुठून उमटतात?

पांढऱ्या थरात कधी कधी अंगठ्याच्या रेषा स्पष्ट दिसतात. हा योगायोग नाही. बोटाच्या घामातील क्षार आणि ओलावा सुपरग्लूच्या वाफेला धरून ठेवतात, त्यामुळे जेथे हात लागला होता तेथे थर दाट बसतो. गुन्हेगाराच्या बोटांचे ठसे शोधण्यासाठी जगभरचे पोलीस हीच युक्ती वापरतात. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये ती प्रथम रूढ झाली. संशयित वस्तू बंद पेटीत ठेवतात, सुपरग्लू गरम करून त्याची वाफ सोडतात, पेटीत थोडा दमटपणा राखतात आणि काही वेळात न दिसणारे ठसे पांढरे होऊन समोर येतात.

आता ही पेटी आणि घरातली शोकेस शेजारी ठेवून पाहावी. बंद काच, कोंडलेली वाफ, किंचित दमट हवा आणि हाताळलेली वस्तू. ताजे चिकटवलेले मॉडेल लगेच शोकेसमध्ये ठेवणे म्हणजे घरबसल्या न्यायवैद्यक प्रयोग करणे. सगळ्या सल्ल्यांमधून एकच पाळायचा असेल तर तो हा : सुपरग्लू लावल्यानंतर किमान २४ तास, शक्य तर दोन दिवस, मॉडेल उघड्यावर राहू द्यावे. धुळीची भीती वाटत असेल तर वर जाळीचे झाकण ठेवावे, जेवणावर ठेवतात तसे. प्लास्टिकचा डबा पालथा घालू नये.

दोष हवेचा किती?

हवेचा दोष असतो, पण लोक समजतात तसा सरळ नाही. सायनोॲक्रिलेटसाठी साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता योग्य मानली जाते. त्याहून जास्त दमट हवेत बाहेर पडलेल्या वाफेला ओलावा लगेच मिळतो आणि पांढरे कण जास्त तयार होतात. म्हणून पावसाळ्यात हा त्रास वाढतो, हे खरे. अहिल्यानगर जिल्ह्यात याची दोन टोके आहेत. अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडीच्या बाजूला जुलैत भिंतीही घाम गाळतात, तर नगर, पाथर्डी, कर्जत, जामखेडचा पट्टा पर्जन्यछायेतला, वर्षातले बरेच महिने कोरडा.

मग कोरड्या नगरमध्ये मे महिन्यात थर चढूच नये. तरी चढतो. कारण कोरड्या हवेत सुपरग्लूला ओलावा कमी मिळतो, तो घट्ट व्हायला वेळ लावतो आणि तेवढा वेळ वाफ बाहेर पडत राहते. शिवाय चाळीस अंशांच्या दुपारी ती अधिक वेगाने निघते. त्यात माणूस अधीर. दहा सेकंदांत चिकटले नाही की तो आणखी एक थेंब टाकतो, तरीही नाही म्हणून तिसरा. सांध्याला लागणाऱ्या द्रव्याच्या चौपट-पाचपट द्रव्य तेथे साचते आणि त्यातला बराचसा भाग वाफ होऊन रंगावर उतरतो. पावसाळ्यात हवा दगा देते, उन्हाळ्यात घाई. उन्हाळ्यात सकाळी लवकर काम करावे आणि सुपरग्लूला मिनिटभर वेळ द्यावा. पावसाळ्यात पावसाची उघडीप पाहून, खिडकी उघडी ठेवून, हलता वारा असताना करावे.

बरेच जण चिकटवल्यावर सांध्यावर तोंडाने फुंकर मारतात. श्वासातला ओलावा सांधा लवकर घट्ट करतो, हे बरोबर. पण तोच ओलावा वाफेलाही तेथल्या तेथे पांढरे करतो आणि झोंबणारी वाफ नाकात जाते ती वेगळीच. रंगवलेल्या भागाजवळ ही सवय सोडलेली बरी.

जास्त लावले की जास्त पक्के?

नाही. सुपरग्लूच्या बाबतीत हे साफ उलटे आहे. दोन पृष्ठभागांमध्ये त्याचा थर जितका पातळ तितका सांधा मजबूत. जाड थर आतून कच्चा राहतो, ठिसूळ होतो आणि तोवर वाफ सोडत राहतो.

शिवाय प्रमाणाचा हिशेब पाहावा. छंद म्हणून केले जाणारे रणगाडे बहुधा १:३५ या प्रमाणात असतात. साडेसात मीटर लांबीचा सेंच्युरियनचा सांगाडा या प्रमाणात जेमतेम २१-२२ सेंटीमीटर भरतो. त्यावर नळीच्या तोंडातून पडलेला तीन मिलिमीटरचा थेंब खऱ्या रणगाड्यावर दहा सेंटीमीटरहून मोठा डाग होईल. हेडलाइटपेक्षा फार लहान नव्हे. नळीच्या तोंडातून थेट थेंब टाकण्याची पद्धत तुटलेल्या चपलेसाठी ठीक आहे, मॉडेलसाठी नाही. जुन्या बाटलीच्या झाकणावर किंवा प्लास्टिकच्या तुकड्यावर एक थेंब काढावा आणि टाचणीच्या किंवा टूथपिकच्या टोकाने, त्यातला कणभर उचलून सांध्याला लावावा. टाचणीवर उचललेले प्रमाण अपुरे वाटते. ते पुरेसे असते.

दुसरा गैरसमज रंगाबद्दलचा. सुपरग्लू रंगावर लावला तर तो रंगाला चिकटतो, प्लास्टिकला नाही. सांध्याची ताकद मग रंगाच्या पापुद्र्याएवढीच. साफसफाई करताना हेडलाइट निघून येतो आणि त्याबरोबर टिकलीएवढा रंगही सोलला जातो. तो पुन्हा लावण्यासाठी घरातले कुणीतरी आणखी मोठा थेंब टाकते. येथून दुष्टचक्र सुरू होते. जेथे सांधा येणार तेथला रंग कटरच्या टोकाने हलकेच खरवडून मूळ प्लास्टिक उघडे करणे, किंवा रंगवण्याआधीच तेवढ्या जागेवर कागदी टेपचा तुकडा लावून ठेवणे, हे दोन मिनिटांचे काम आहे. उघड्या प्लास्टिकवर अर्धा कण पुरतो.

आधी जोडायचे की आधी रंगवायचे?

काहींच्या मते प्रश्नच चुकीचा आहे : सगळे आधी जोडा, मग रंगवा, म्हणजे पांढरे काही झालेच तर रंगाखाली झाकले जाईल. साध्या मॉडेलसाठी हा सल्ला रास्त आहे आणि नवशिक्याने तोच पाळावा. रणगाड्याच्या बाबतीत मात्र तो पुरत नाही. बाजूच्या लोखंडी पत्र्यांची झालर एकदा बसली की आतल्या चाकांपर्यंत ब्रश पोहोचत नाही. रबरी कडा असलेली चाके, धातूच्या रंगाच्या साखळ्या, काचेचे पेरिस्कोप, कमांडरची छोटी आकृती, यांचे रंग इतके वेगळे की ते सुटे रंगवूनच बसवावे लागतात.

त्यामुळे खरे कौशल्य रंगवायला बसण्याआधीच्या अर्ध्या तासात आहे. संचातले सगळे भाग समोर मांडून तीन वाटण्या कराव्यात. एकाच रंगाचे आणि ब्रश पोहोचेल असे भाग आधीच, बिनरंगाचे असताना, पक्के जोडून टाकावेत. येथे सुपरग्लूही चालतो, मात्र पॉलिस्टायरिनच्या संचासाठी प्लास्टिक विरघळवून जोडणारे सिमेंट अधिक चांगले. ते दोन्ही भागांचे प्लास्टिक एकजीव करते आणि पांढरा थर सोडत नाही. दुसऱ्या वाटणीत रंगवल्यानंतर बसवायचे भाग. ही वाटणी जितकी लहान ठेवता येईल तितकी ठेवावी. तिसरी वाटणी चिकटवण्याची गरजच नसलेल्या भागांची, आणि ती अनेकांच्या ध्यानातच येत नाही. वरचा फिरता बुरूज बहुतेक संचांत खोबणीत अडकवून फिरवायचा असतो. त्याला कुठलेच चिकटद्रव्य नको. तरी ‘हलतो म्हणून’ सुपरग्लू ओतलेले बुरूज कमी नाहीत.

धातूच्या किंवा रेझिनच्या छोट्या आकृत्यांना हे सिमेंट चालत नाही, ते फक्त पॉलिस्टायरिन विरघळवते. तेथे जड हात किंवा शस्त्र बसवताना दोन्ही बाजूंना बारीक भोक पाडून तारेचा तुकडा घालावा. भार तार घेते, चिकटद्रव्य नावापुरते लागते.

सुपरग्लूऐवजी काय वापरावे?

पारदर्शक भागांसाठी उत्तर प्रत्येक घरात आहे : फेविकॉलसारखा पांढरा लाकडाचा गोंद. हेडलाइटच्या काचा, पेरिस्कोप, विमानाच्या मॉडेलची कॉकपिटची काच, यांना सुपरग्लू कधीही लावू नये. पांढरा गोंद वाळल्यावर पारदर्शक होतो, वाफ सोडत नाही आणि चुकून बाहेर आला तर ओल्या ब्रशने पुसता येतो. त्याची पकड कमी असते. पण हेडलाइटच्या काचेला ओढून बघायला कुणी जात नाही. छंद म्हणून मॉडेल करणारे महागडे परदेशी ‘काचेचे चिकटद्रव्य’ मागवतात, त्यातले बरेचसे याच जातकुळीतले असते.

जड भागांसाठी अरल्डाइटसारखे दोन नळ्यांचे इपॉक्सी. ते कालवायला वेळ लागतो, हात चिकट होतात, भाग टेपने धरून ठेवावे लागतात. पण रंगाच्या शेजारी त्याच्याइतके बेभरवशाचे न वागणारे दुसरे काही नाही. पांढरा थर नाही आणि सांधा सुपरग्लूपेक्षा धक्का सोसणारा.

सुपरग्लूच हवा असेल तर त्यातही प्रकार आहेत. नेहमीच्या नळीत इथाइल सायनोॲक्रिलेट असते. कमी वासाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकारांत मेथॉक्सीइथाइल सायनोॲक्रिलेटसारखे जड रेणू असतात. ते सहजी उडत नाहीत, त्यामुळे वासही कमी आणि पांढरेपणाही बराच कमी. किंमत जास्त, घट्ट व्हायला वेळ जास्त, सांधा थोडा कमजोर. रंगवलेल्या कामासाठी हा सौदा फायद्याचा आहे. नळीवर ‘जेल’ लिहिलेले पाहून फसू नये. जेल ओघळत नाही एवढाच त्याचा गुण. ते जाड लागते, म्हणून वाफही सोडते.

सुतार एमडीएफ जोडताना सुपरग्लूवर जो स्प्रे मारतात तो सांधा क्षणात घट्ट करतो. वाफेला वेळच मिळत नाही, म्हणून तो उपयोगी वाटतो. पण त्यातले द्रावण काही रंगांना खाते. मॉडेलच्या तळाला, न दिसणाऱ्या जागी, आधी मारून पाहावा. खाण्याचा सोडा टाकून सुपरग्लू दगडासारखा करण्याची युक्तीही बरेच जण सांगतात. भेगा भरायला ती ठीक. रंगवलेल्या भागाजवळ नको. ती प्रक्रिया उष्णता निर्माण करते आणि उष्णतेबरोबर वाफ आलीच.

शेवटचा भाग चिकटवताना जवळ एखादा लहान पंखा मंद वेगाने, मॉडेलच्या बाजूने वाहील असा लावावा. वाफ जड आहे, तिला ढकलून न्यावे लागते. छताचा पंखा हवा वरून खाली दाबतो, त्याचा तितका उपयोग नाही. शिवाय तो अँटेना उडवून कॉटखाली नेतो. हात कोरडे असावेत, शक्य तर पातळ हातमोजे. त्यामुळे ठसे उमटत नाहीत आणि बोटेही वाचतात.

थर चढलाच तर?

आधी थांबावे. ओल्या सांध्याभोवती पुसायला गेले की थर रंगात रगडला जातो. दिवसभराने मऊ, किंचित ओलसर ब्रशने किंवा कापसाच्या काडीने हलकेच झटकून पाहावे. कोवळा थर बराचसा निघतो.

राहिला तर कणांचा खडबडीतपणा भरून काढायचा. भज्यांच्या पुड्याचा कागद तेलाने पारदर्शक होतो तसेच येथे होते : तेलाने किंवा वॉर्निशने कणांमधल्या फटी भरल्या की प्रकाश विखुरत नाही आणि पांढरेपणा दिसेनासा होतो. चमकदार पारदर्शक वॉर्निशचा पातळ हात द्यावा, तो वाळल्यावर वरून बिनचमकीचा. नुसता बिनचमकीचा वॉर्निश मारला तर बऱ्याचदा थर तसाच राहतो, कारण त्याचा स्वतःचा पृष्ठभाग खडबडीत असतो. खनिज तेलाचा एक थेंब तात्पुरता हाच परिणाम देतो, पण त्यावर धूळ बसते. काचेच्या भागांवर थर चढला असेल तर हा उपाय अर्धामुर्धाच चालतो.

नेलपॉलिश रिमूव्हर मात्र लावू नये. त्यातला ॲसिटोन सुपरग्लू विरघळवतो हे खरे; त्याआधी तो रंग विरघळवतो आणि पॉलिस्टायरिनचे प्लास्टिकही मऊ करतो. क्रमांक गेला तो गेलाच. चिन्हे आणि क्रमांक लावून झाले की त्यांच्यावर चमकदार वॉर्निशचा हात आधीच देऊन ठेवावा, उरलेले भाग त्यानंतर चिकटवावेत. मग थर वॉर्निशवर चढतो, रंगावर नाही, आणि पुसताना क्रमांक जात नाही.

हे फक्त रणगाड्यांपुरते का?

दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा पडून हात तुटतो, तो फेविक्विकने जोडला जातो आणि लाल अंगरख्यावर पांढरा डाग राहतो. गौरीच्या मुखवट्यावर खडे लावताना दोन दिवसांनी खडे मळकट दिसू लागतात आणि खडेच हलके निघाले म्हणून दुकानदाराशी वाद होतो. कारण तेच, उपायही तेच. मातीच्या आणि प्लास्टरच्या मूर्तींना तर सुपरग्लूची गरजच नसते. त्यांचा सच्छिद्र पृष्ठभाग थेंब शोषून घेतो म्हणून लोक नळी रिकामी करतात. तेथे पांढरा लाकडाचा गोंद आणि रात्रभराचा धीर पुरतो.

खरी काळजीची बाब शाळांच्या प्रकल्पांची आहे. विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या रात्री पाचवी-सहावीतल्या मुलाच्या हाती फेविक्विकची छोटी नळी दिली जाते, कारण ती स्वस्त आणि झटपट. दात लावून तिचे तोंड उघडणारी मुले आहेत. कापसावर किंवा सुती कपड्यावर हे द्रव्य जास्त सांडले तर ते इतके तापते की चटका बसतो, प्रसंगी धूर निघतो. कापसाचे ढग चिकटवलेल्या ‘जलचक्रा’च्या प्रकल्पात हे घडू शकते. बोटे चिकटली तर ओढू नयेत, कोमट साबणाच्या पाण्यात ठेवून हळूहळू सोडवावीत. डोळ्यात गेले तर पापण्या जबरदस्तीने उघडू नयेत, कोमट पाण्याने धुवून थेट डॉक्टरांकडे जावे. बारा-तेरा वर्षांखालील मुलांच्या प्रकल्पांसाठी शाळांनी साहित्याच्या यादीतून सुपरग्लू काढून टाकावा आणि प्रकल्प दोन दिवस आधी पूर्ण करण्याची अट घालावी. म्हणजे पांढऱ्या गोंदाला वाळायला पुरेसा वेळ मिळतो.